पहिली-दुसरीच्या मुलांकडून स्पेलिंगांची घोकंपट्टी करून घेणे थांबवा : एक खुले पत्र

प्रति,
राज्यातील प्राथमिक इंग्रजीचा अभ्यासक्रम, शिक्षक प्रशिक्षण आणि चाचण्या ठरवणारे सर्व अधिकारी व समिती सदस्य

विषय : पहिली-दुसरीच्या मुलांकडून इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. शंभर इंग्रजी शब्द, समोर स्पेलिंग, त्यापुढे मराठी अर्थ. खाली सूचना होत्या: दर शनिवारी दहा शब्दांची चाचणी घ्यावी, प्रत्येक मुलाचा स्पेलिंग म्हणतानाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकावा आणि मार्चअखेर वर्गातल्या सगळ्या मुलांना यादीतले सगळे शब्द तोंडपाठ असावेत.

ही सूचना कोणत्या कार्यालयातून निघाली ते मी लिहीत नाही. अशा याद्या वेगवेगळ्या नावांनी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतात, प्रत्येक उपक्रमाला एक छानसे नाव असते आणि काढणाऱ्यांचा हेतूही चांगलाच असतो. मुलांना इंग्रजी यावे असे त्यांना मनापासून वाटते. मलाही तेच वाटते, म्हणूनच गप्प बसणे मला शक्य नाही. पत्र खुले लिहिते आहे कारण ते पालकांनीही वाचावे असे मला वाटते. "बाई, पोराला स्पेलिंगं येतात का?" हा प्रश्न मला गावात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

आपल्या राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी पाचवीपासून होते. मी त्या पाचवीवाल्या पिढीतली. त्या निर्णयावर तेव्हा खूप वाद झाला. आता पाव शतक होऊन गेले, मी तो वाद उकरून काढणार नाही. गावातल्या मुलांना इंग्रजी लवकर मिळाले, हे मला आजही योग्य वाटते. माझा प्रश्न एवढाच आहे की लवकर मिळालेल्या त्या वर्षांचे आपण काय करतो.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या 2022च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण चौघांपैकी एका मुलाला इंग्रजीतली सोपी वाक्ये वाचता आली. 2016 सालीही आकडा जवळपास तेवढाच होता. 2023 साली त्यांनीच 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची पाहणी केली, तेव्हा 57.3 टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि ज्यांना वाचता आली त्यांतल्याही साधारण चारपैकी तिघांनाच अर्थ सांगता आला. हे आकडे देशाचे आहेत, एकट्या महाराष्ट्राचे नाहीत. तरी माझ्या वर्गात बसून ते मला अजिबात परके वाटत नाहीत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की यादी पाठ होते, पण वाचन येत नाही. माझ्या दुसरीतली एक मुलगी 'ई-एल-ई-पी-एच-ए-एन-टी, एलिफंट, एलिफंट म्हणजे हत्ती' हे एका दमात म्हणते. व्हिडिओत ती फार छान दिसते. तिलाच मी फळ्यावर 'पॅन' हा तीन अक्षरी शब्द लिहून दिला. यादीत नसलेला. तिने अक्षरांची नावे बरोबर सांगितली, पी, ए, एन, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. पुढे काय करायचे ते तिला कोणी शिकवलेलेच नव्हते. तिच्या हुशारीत काहीही कमी नाही. मराठीत ती गोष्टीचे पुस्तक सलग वाचते. मराठीत तिला अक्षरांचा आवाज माहीत आहे, इंग्रजीत फक्त अक्षरांची नावे माहीत आहेत.

इथे मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण सगळा गोंधळ इथेच सुरू होतो.

मराठीत 'क' या अक्षराचे नाव 'क' आणि आवाजही 'क'. बाराखडी शिकलेल्या मुलाची साहजिक समजूत असते की अक्षराचे नाव म्हटले की आवाज मिळतो. इंग्रजीत तसे होत नाही. 'सी', 'ए', 'टी' ही नावे जोडली तर 'सीएटी' होते, 'कॅट' होत नाही. 'एच' या नावात 'हॅट'मधला 'ह' कुठेच नाही. 'डब्ल्यू' या लांबलचक नावात 'वॉटर'मधला 'व' नाही. 'वाय'चे नाव 'व'ने सुरू होते आणि आवाज मात्र 'येस'मधल्या 'य'चा. म्हणून मुले 'वॉटर' लिहिताना सुरुवातीला 'वाय' काढतात. आपण तिथे लाल फुली मारतो. खरे तर त्या मुलाने नीट विचार केलेला असतो, फक्त आवाज त्याला कोणी सांगितलेला नसतो. अक्षरे 26 आणि आवाज साधारण 44, हे तर मोठ्यांनाही सांगावे लागते.

स्पेलिंग घोकताना मुलाच्या कानावर सारखी नावेच पडतात. दिवसाला दहा शब्द घोकले तर नावे आणखी पक्की होतात आणि आवाज आणखी लांब राहतात. म्हणून मी म्हणते की ही यादी मुलांना वाचनाच्या उलट्या दिशेला नेते.

आवाज शिकवायचे ठरवले तरी एक अडचण येते. ती आपल्यालाच सोडवायची आहे. मराठी शिक्षक 'कॅट' फोडून सांगताना 'क, ॲ, ट' म्हणतो. त्यातल्या 'क' आणि 'ट' या दोन्हींत 'अ' मिसळलेला असतो. मूल ते जोडते तेव्हा 'कअॅट' असे काहीतरी होते आणि ते बावरते. आपल्याकडे यावर उत्तर तयार आहे: पाय मोडलेली अक्षरे. फळ्यावर 'क् ॲ ट्' असे लिहिले आणि 'क्' तोडून म्हटला की मुलांना दोन दिवसांत कळते. 'ॲ' आणि 'ऑ' तर 2009च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत अधिकृतपणे आलेले आहेत. पहिलीचे मूल 'बॅट' आणि 'बॉल' देवनागरीत लिहिते. 'पेन' आणि 'पॅन' यांतला फरक त्याच्या कानाला आधीच कळतो. एवढे मोठे भांडवल मुलाजवळ असताना आपण त्याच्या हातात यादी देतो.

दुसरी तक्रार सिलॅबलबद्दल, म्हणजे शब्द बोलताना तोंडात पडणाऱ्या तुकड्यांबद्दल आहे. आमच्या प्रशिक्षणांत हा शब्द येतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. 'सिलॅबल म्हणजे टाळ्या वाजवणे' एवढेच शिक्षकांच्या लक्षात राहते. मुलांनी शब्द म्हणत टाळ्या वाजवायच्या, मजा येते, तास संपतो. त्या टाळ्यांचा वाचनाशी काय संबंध, हे कुणी सांगत नाही.

संबंध फार जवळचा आहे आणि तो मराठीतूनच सुरू करता येतो. 'कमळ' लिहायला अक्षरे तीन, पण तोंडात तुकडे दोनच: क-मळ. 'खिडकी'लाही अक्षरे तीन आणि तुकडे दोन: खिड-की. 'घर' लिहायला दोन अक्षरे, बोलायला एकच तुकडा. पहिलीच्या मुलांना हे करून दाखवले की त्यांना फार नवल वाटते. लिहिलेले अक्षर आणि बोललेला तुकडा वेगळे असतात, हे मूल आपल्याच भाषेत पकडते. मग 'खिड-की'सारखाच 'नॅप-किन', 'पेन-सिल', 'नं-बर'. शब्द फोडायचा कसा, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

पुढे दुसरी-तिसरीत हेच ज्ञान वाचायला उपयोगी पडते. इंग्रजीत तुकडा बंद आहे की उघडा यावर स्वराचा आवाज बदलतो. 'मी', 'गो', 'हाय' यांत स्वराच्या मागे काही नाही, तुकडा उघडा, म्हणून स्वर आपले नाव सांगतो. 'मेट', 'गॉट', 'हिट' यांत मागून व्यंजनाने दार लावले, म्हणून स्वर आखूड झाला. 'पेपर', 'टायगर', 'मोटर' यांचा पहिला तुकडा उघडा. 'रॅबिट' आणि 'बटन' यांचा पहिला तुकडा बंद, म्हणून तर 'रॅबिट'मध्ये दोन 'बी' आणि 'बटन'मध्ये दोन 'टी' येतात. 'डिनर'मध्ये दोन 'एन' आणि 'डायनर'मध्ये एकच, यामागचे कारणही हेच. दुहेरी अक्षर कुठे लिहायचे, हे आयुष्यभर घोकणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना हा एक नियम शाळेत मिळाला असता तर निम्मे घोकणे वाचले असते. शब्दाच्या शेवटी न बोलणारा 'ई' आला की 'कॅप'चा 'केप' होतो, 'पिन'चा 'पाईन' होतो, 'हॉप'चा 'होप' होतो. हाही असाच मुलांना आवडणारा नियम.

इंग्रजीत अपवाद भरपूर आहेत, ते मला माहीत आहे. 'हॅव', 'गिव्ह', 'सेड', 'वन', 'टू' यांना नियम लागत नाही. असे नेहमी लागणारे थोडे शब्द पाहून-पाहूनच लक्षात ठेवायचे असतात, त्यांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो सगळेच शब्द अपवाद असल्यासारखे शिकवण्याला.

जोडाक्षरे असलेल्या शब्दांबद्दलही इथेच लिहिते. आमची मुले 'इस्कूल' म्हणतात, 'गिलास' म्हणतात, 'फिलिम' आणि 'बलप' म्हणतात. त्यांच्या आजोबांनी 'स्टेशन'चे 'ठेसन' केले होते. जिभेला अडलेल्या दोन व्यंजनांपैकी एक सोडून द्यायचे नाहीतर मध्ये एखादा स्वर घालून वाट करायची, ही बोलीची जुनी रीत आहे आणि तीत लाजण्यासारखे काही नाही. तरी प्रशिक्षणांत, तपासणीत, कधी कधी कार्यक्रमाच्या मंचावरूनही या उच्चारांवर हशा पिकवला जातो. तो बंद व्हावा. ज्या मुलाला हसले गेले ते मूल पुढचे काही महिने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही. हसण्याऐवजी त्याला 'टॉप–स्टॉप', 'पिन–स्पिन', 'लिप–स्लिप', 'कूल–स्कूल' अशा जोड्या म्हणायला द्याव्यात. आधी एकच व्यंजन, मग त्यापुढे 'स्'. खेळत खेळत जीभ वळते.

बहुतेक मोठ्या इंग्रजी शब्दांत एक तुकडा जोरात आणि बाकीचे हळू असतात. 'बनाना'तला मधला तुकडाच ठळक, बाजूचे दोन्ही पुसट. पहिली-दुसरीत हे नुसते कानावर पडले तरी पुरे, त्याची चाचणी नको.

तिसरी तक्रार शब्दांच्या निवडीबद्दल. आमच्या यादीत 'इग्लू' आहे, 'झायलोफोन' आहे, 'यॉट' आहे. वर्णमालेतले प्रत्येक अक्षर भरायचे म्हणून हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या तक्त्यांवरून याद्यांवर येत आहेत. मराठवाड्यातल्या सहा वर्षांच्या मुलाला 'इग्लू' शिकवताना आधी बर्फाचे घर समजावे लागते, मग शब्द, मग स्पेलिंग. तीन अनोळखी गोष्टी एकावर एक. आणि एवढे करून 'इग्लू' त्याच्या तोंडी पुन्हा कधी येणार?

दुसरीकडे, ते मूल शाळेत येतानाच कितीतरी इंग्रजी शब्द घेऊन येते. मी एकदा मुलांनाच विचारले आणि फळा भरून गेला. मोटर, पंप, पाईप, स्टार्टर, बटन, फ्यूज, बल्ब, ट्रॅक्टर, ट्रॉली, टायर, पंक्चर, ब्रेक, डिझेल. घरातले कुकर, मिक्सर, गॅस, रिमोट, मोबाईल, चार्जर, रिचार्ज. अंगावरचे शर्ट, पँट, बटन पुन्हा एकदा. क्रिकेटचे तर विचारूच नका: बॅट, बॉल, रन, आउट, कॅच, विकेट, ओव्हर, सिक्स, फोर, वाईड, नो बॉल. या शब्दांचा अर्थ मुलाला माहीत आहे, उच्चार जवळपास माहीत आहे, नवीन आहे ते फक्त त्याचे लिखित रूप. शिकवायची गोष्ट तिनावरून एकावर येते.

आणि यातले बरेच शब्द नियमात बसणारे आहेत. 'रन', 'बॅट', 'पंप' हे एकेका तुकड्याचे आणि बंद. 'नं-बर', 'ट्रॅक-टर', 'पेन-सिल' दोन तुकड्यांचे. 'मो-टर' उघड्या तुकड्याने सुरू होणारा. वर्षभराचा अभ्यास मुलांच्या तोंडातच पडला आहे. काही शब्दांचे अर्थ आपल्याकडे येताना अरुंद झाले आहेत. 'लाईट गेली' म्हणजे वीज गेली, तिथे उजेड आणि हलके हे अर्थ पुढे जोडून द्यावे लागतात. पण अर्धे माहीत असलेले पूर्ण करणे केव्हाही सोपे.

हे शब्द गावोगाव वेगळे असणार, असायलाच हवेत. कोकणच्या किनाऱ्यावरच्या मुलाजवळ 'बोट', 'लाँच', 'जेटी', 'आईस' असतील. मुंबईतल्या मुलाजवळ 'लोकल', 'सिग्नल', 'प्लॅटफॉर्म', 'लिफ्ट'. पूर्ण राज्याला एकच यादी देण्यात सोय आपली होते, मुलांची होत नाही.

शिवाय यादीतले जवळजवळ सगळे शब्द नामे आहेत. प्राणी, फळे, फुले, रंग. 'ॲपल म्हणजे सफरचंद' एवढे आले तर मूल त्या शब्दाचे करणार काय? 'गिव्ह', 'टेक', 'ओपन', 'कम', 'शो मी' हे शब्द वर्गात रोज लागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी 1960च्या दशकात सूचना ऐकून कृती करत भाषा शिकण्याची पद्धत मांडली. आधी ऐकायचे, अंगाने उत्तर द्यायचे, बोलणे मागून येते. माझ्या वर्गात 'टच द डोअर', 'टच द विंडो', 'जंप', 'स्टॉप' हा खेळ सुरू झाला की सगळ्यात मागे बसणारी मुलेही पुढे येतात. त्याला साहित्य लागत नाही, नेटवर्क लागत नाही. पण या खेळात स्पेलिंग नसल्याने तो कुठल्याच तक्त्यात भरता येत नाही.

चौथी गोष्ट तक्रार म्हणून लिहिताना मला वाईट वाटते. माझ्या वर्गात तांड्यावरची मुले आहेत, त्यांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. त्यांच्यासाठी यादीतला मराठी अर्थ हाही शिकायचाच शब्द असतो. काही मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. दर शनिवारी दहा शब्दांच्या हिशेबाने ती मुले परत येतात तेव्हा यादीत कायमची मागे पडलेली असतात आणि तक्त्यात त्यांच्या नावापुढे लाल रंग येतो. आवाज शिकलेल्या मुलाचे तसे होत नाही. 'एस, ए, टी, पी, आय, एन' या सहा अक्षरांचे आवाज घेऊन ते गेले असेल तर 'सॅट', 'पिन', 'टॅप', 'नॅप', 'टिन', 'पॅन', 'सिट', 'टिप' हे शब्द त्याला फडावरही वाचता येतील. साखरेच्या पोत्यावरची, ट्रॉलीवरची अक्षरे वाचायचा ते प्रयत्न करील. जे मूल सहा महिने शाळेबाहेर राहणार आहे त्याला आपण बरोबर काय देतो, याचा विचार याद्या काढताना व्हायला हवा होता.

मराठी शिकवताना हे सगळे आपण करतोच की. वर्णमालेच्या क्रमाला न चिकटता थोडी अक्षरे घ्यायची, त्यांचे शब्द करायचे, वाचायचे, मग पुढची अक्षरे. अक्षरगटाची ही रीत आमच्या हाडीमाशी खिळलेली आहे. 2021च्या 'निपुण भारत' या पायाभूत साक्षरतेच्या अभियानापासून वाचन म्हणजे अर्थ समजून वाचणे हेही आपण सगळे बोलतो. मग इंग्रजीच्या तासालाच आपण घोकंपट्टीकडे का वळतो? आपल्याच अभ्यासक्रमाचा विचार आधी ऐकणे-बोलणे, मग वाचणे-लिहिणे असा आहे. पाठ्यपुस्तकांत गाणी आहेत, चित्रे आहेत, संवाद आहेत. याद्यांमुळे पुस्तक बाजूला पडते. वरच्या वर्गांना राज्याच्या नियतकालिक चाचणीत इंग्रजीचा पेपर असतो, म्हणून खालून तयारी करून घ्यायची, असे मला एकदा सांगण्यात आले. त्या पेपरात उताराही वाचावा लागतो आणि उतारा पाठ करता येत नाही.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात. अडखळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाचा व्हिडिओ शेकडो अनोळखी लोकांच्या ग्रुपवर टाकणे मला योग्य वाटत नाही. पालकांची लेखी संमती कुठेही घेतलेली नाही. आणि चांगला व्हिडिओ यावा म्हणून शिक्षक आधी पाचसहा वेळा म्हणवून घेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी माझ्या वर्गातले व्हिडिओ पाठवणे थांबवले आहे आणि तसे लेखी कळवले आहे.

पालकांनाही दोन शब्द. तुमच्या मुलीला पहिलीत 'एलिफंट'चे स्पेलिंग आले नाही म्हणून ती मागे पडत नाही. शेजारच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमधली मुले घडाघडा स्पेलिंगे म्हणतात हे मी पण ऐकते. घरी तुम्ही एक करा. दुकानाच्या पाटीवरचा, बिस्किटाच्या पुड्यावरचा एखादा छोटा शब्द तिला दाखवा आणि पहिला आवाज कोणता ते विचारा. तुम्हाला स्वतःला इंग्रजी येत नसले तरी हे जमते, कारण उत्तर तिने द्यायचे आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

येत्या जूनपासून पहिली-दुसरीत स्पेलिंगच्या पाठांतराची कोणतीही चाचणी, स्पर्धा किंवा व्हिडिओ मोहीम राबवू नये, असे लेखी आदेश काढावेत. तोंडी सूचना नको, त्या ग्रुपवरच्या पुढच्या मेसेजखाली दबून जातात.

चाचणी घ्यायचीच असेल तर ती मुलाशी बोलत घ्यावी. शब्द ऐकून तुकडे मोजता येतात का, पहिला आणि शेवटचा आवाज ओळखता येतो का, सूचना ऐकून कृती करता येते का आणि दुसरीच्या अखेरीस कधीही न पाहिलेला तीन अक्षरी नियमित शब्द वाचता येतो का. एका मुलाला फार वेळ लागत नाही, वर्गशिक्षकाने आपल्या सोयीने घ्यावी.

आवाजांचा क्रम, तुकड्यांचे प्रकार आणि अपवादाच्या शब्दांची छोटी यादी असलेली एक पुस्तिका शिक्षकांसाठी मराठीत काढावी. पाय मोडलेल्या अक्षरांनी आवाज कसे दाखवायचे ते तीत असावे. तिच्यासोबत ध्वनिमुद्रण हवे आणि ते मराठी बोलणाऱ्या शिक्षकांच्या आवाजात हवे, म्हणजे ऐकणाऱ्या शिक्षकाला 'हे मलाही जमेल' असे वाटेल. 'दीक्षा' या सरकारी शिक्षण पोर्टलवर टाकाल तर ते उतरवून घेऊन नेटवर्कशिवाय वाजवता आले पाहिजे. आमच्या शाळेत रेंजसाठी गेटजवळ जावे लागते.

शब्दसंग्रह ठरवण्याचा अधिकार शाळेला द्यावा. वरून हवे तर साठसत्तर समान शब्द द्या, बाकीचे मुलांच्या तोंडून येऊ द्या. गोरमाटी, भिली, गोंडी, पावरी बोलणारी मुले जिथे आहेत तिथे अर्थ चित्राने, वस्तूने, कृतीने सांगण्याची मुभा स्पष्ट शब्दांत लिहा.

प्रशिक्षणाबाबत: स्क्रीनवर सरकत्या स्लाइड्स बघत दिवसभर बसवण्याऐवजी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास फक्त यासाठी राखून ठेवा. एका शिक्षकाने वर्गात केलेले दाखवायचे, बाकीच्यांनी स्वतः म्हणून पाहायचे. 2016 साली ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टच्या मदतीने सुरू झालेल्या 'तेजस' प्रकल्पात शिक्षकांचे असे छोटे गट भरत असत. शिक्षक एकमेकांकडून शिकतात हे राज्याने तेव्हा पाहिले आहे. तसे गट कोणत्याही प्रकल्पाची मुदत न लावता कायमचे हवेत. त्यात उच्चारांवरून कुणाला हसायचे नाही, हा पहिला नियम असावा.

आणि शेवटची मागणी. यापुढे अशी कोणतीही मोहीम काढण्याआधी पहिली-दुसरीला प्रत्यक्ष शिकवणाऱ्या दहावीस शिक्षकांना विचारा. त्यांत द्विशिक्षकी शाळांतले, तांड्यावरचे, पाड्यावरचे शिक्षक असू द्या. आम्हाला मानधन नको, प्रमाणपत्र नको. शाळेच्या वेळेबाहेर, सुट्टीतही आम्ही येऊ.

आपल्यापैकी कुणाला हे वर्गात पाहायचे असेल तर आमच्या शाळेत यावे, आधी कळवायची गरज नाही. यादीतले शब्द विचारू नका. फळ्यावर तुम्हाला सुचेल तो छोटा, नियमित शब्द लिहा आणि मुलांना वेळ द्या. काही वाचतील, काही अडतील. जी अडतील त्यांच्याजवळ दोन मिनिटे बसा, म्हणजे ती कुठे अडतात ते दिसेल. पुस्तिका काढताना तेच लागणार आहे.

या पत्राचे लेखी उत्तर एप्रिलअखेरपर्यंत मिळावे, ही विनंती. उत्तर मिळाले की ते मी इतर शिक्षकांना आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीला वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
पहिली-दुसरीची वर्गशिक्षिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, मराठवाडा